जीएनएम झाली, आता पदवीचं काय?

वारणानगर, कोडोली, पारगाव, सातवे या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत जा, "आमची पोरगी सिस्टर हाय" असं अभिमानानं सांगणारी एक तरी आई भेटतेच. बाप कारखान्यावर नाहीतर दुधाच्या गाडीवर, आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन पोरीला जीएनएम केलं. पांढऱ्या कपड्यातला तिचा फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागला. त्याला आता आठ-दहा वर्षं झाली आणि पोरगी अजून त्याच पायरीवर आहे. रात्रपाळी तीच, पगारात वर्षाला पाचशे-हजाराची भर. जिला तिनं सलाईन लावायला शिकवलं, ती बीएस्सी झालेली मुलगी आज तिची इन्चार्ज आहे.

हा लेख या जीएनएम झालेल्या भगिनींसाठी आणि नर्सिंगमधल्या भावांसाठीही. बारावीनंतर थेट बीएस्सी नर्सिंगला जाणाऱ्या मुलींची वाट वेगळी आहे. चार वर्षांची पदवी, विज्ञान शाखा, राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा, बारावीला ४५ टक्के आणि अनुसूचित जातीसाठी ४० टक्के. तिच्याबद्दल माहिती देणारे बरेच आहेत. नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या, डिप्लोमावाल्या सिस्टरला मात्र कोणी काही सांगत नाही.

वस्तीत आम्ही हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "ताई, आता काय शिकायचं वय हाय व्हय? दोन पोरं हायत." दुसरं उत्तर जरा हळू आवाजात येतं. "डिप्लोमावाल्यांना विद्यापीठात कोण घेतंय?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले हे आपल्या लहान पोरांनाही पाठ असतं. त्याच विद्यापीठाशी जोडलेलं टीचर्स कॉलेज आहे. तिथं १८९९ साली रुग्णालयात शिकून नर्स झालेल्या बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे नेमक्या आजच्या जीएनएमसारख्या, हाताला काम येणाऱ्या पण पदवी नसलेल्या बायकांसाठी. १९०७ साली त्याच कॉलेजात ॲडलेड नटिंग नर्सिंगच्या प्राध्यापक झाल्या. जगातल्या त्या पहिल्या नर्सिंग प्राध्यापक आणि त्या स्वतः रुग्णालयाच्या शाळेतूनच आलेल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथं अर्थशास्त्र शिकत होते, तेव्हा याच विद्यापीठात डिप्लोमावाल्या नर्सेस वर्गात बसत होत्या.

आपल्या देशात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथं सुरू झाली. महाराष्ट्रात एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. पुढं १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालयं त्याच्याखाली आली. आपल्या भागातली काही मोठी महाविद्यालयं मात्र अभिमत विद्यापीठांची आहेत. कोल्हापूरचं डी. वाय. पाटील, कराडचं कृष्णा, सांगलीचं भारती विद्यापीठ ही त्यांतली. हा फरक लक्षात ठेवा, पैशाच्या वेळी तो नडतो.

जीएनएम झालेल्यांसाठीच्या पदवीचं नाव पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. मुदत दोन वर्षं. पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, माता व बालकांची परिचर्या असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, आणि त्याबरोबर नर्सिंगचं शिक्षण, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र. हे शेवटचे विषय जीएनएममध्ये नावापुरते असतात. वॉर्ड चालवायचा, ड्युट्या लावायच्या, नव्या मुलींना शिकवायचं, हे सगळं आपण अनुभवानं करतच असतो. पदवीत ते कागदावर येतं आणि मग इन्चार्जची खुर्ची मागता येते.

अटी कमी आहेत. बारावी पास. जीएनएमचं प्रमाणपत्र. राज्याच्या परिचर्या परिषदेकडं नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी. प्रकृती ठीक असल्याचा दाखला. परिषदेच्या अटींत अनुभवाची सक्ती नाही. जुन्या अभ्यासक्रमात मिडवाइफरी न शिकलेल्या भावांसाठी त्याऐवजी तेवढ्याच मुदतीचं दुसरं प्रशिक्षण चालतं, उदाहरणार्थ शस्त्रक्रियागृह, मनोरुग्ण परिचर्या, क्षयरोग, कुष्ठरोग. दहावीवर एएनएम झालेल्या ताईंना थेट पदवी नाही. त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी करायची, मग जीएनएम, मग ही पदवी. लांबचा पल्ला आहे, पण रस्ता बंद नाही. नोंदणीकृत एएनएमना जीएनएमला प्रवेश मिळतो.

एवढ्या सोप्या अटी असून आपल्या मुली अडतात कुठं? गेल्या काही वर्षांत आमच्याकडं आलेल्या मुलींमध्ये गुणांवरून अडलेली क्वचितच होती. बाकीच्या कागदावरून अडल्या.

पहिला कागद नोंदणीचा. खाजगी दवाखान्यात लागताना बऱ्याच ठिकाणी गुणपत्रिका बघतात आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी देतात. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी काढली का, काढली असेल तर तिची मुदत संपली का, कोणी विचारत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं आणि त्यासाठी या काळात परिषदेनं मान्य केलेल्या प्रशिक्षणाचे तास जमा करायचे असतात. बाळंतपणात, बदललेल्या नोकऱ्यांत ते राहून जातं. मग प्रवेशाची सूचना निघाल्यावर पंधरा दिवसांत सगळं उभं करायची धावपळ. त्यात आपल्या भागातल्या कितीतरी मुलींनी जीएनएम केलंय ते बेळगाव-निपाणीकडं, कर्नाटकात. त्यांनी आधी तिथल्या परिषदेची नोंदणी, मग तिथून ना-हरकत आणि मग महाराष्ट्राची नोंदणी असा फेरा पूर्ण केल्याशिवाय इथं पुढं पाऊल टाकता येत नाही. याला काही महिने जातात. ज्यांची कर्नाटकची नोंदणी नुसती कपाटात आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून अर्ज करायला घ्यावा.

दुसरा कागद जातीचा. इथं आपल्या समाजाच्या अडचणी वेगळ्याच आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

राखीव जागेवर प्रवेश आणि शुल्काची सवलत हवी तर जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडिलांकडच्या घराण्याचा राहण्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', मुलीच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध'. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन नोंदी असणं साहजिक आहे. समितीला ते माहीत असतं, घाबरायचं कारण नाही. फक्त साखळी जुळली पाहिजे. आजोबांचा शाळेचा दाखला सापडला नाही तर गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जमिनीची जुनी नोंद, चुलत आजोबांचा दाखला आणि वंशावळ यातून साखळी बांधता येते. घरात चुलत भावाची किंवा आत्याची पडताळणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र जोडा, काम हलकं होतं.

लग्न झालेल्या भगिनींना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. तुमची जात माहेरची, म्हणून पुरावे माहेरचे आणि समितीही त्या जिल्ह्याची. आपल्याकडं वारणा नदी ओलांडली की सांगली जिल्हा. सासर पन्हाळा तालुक्यात आणि माहेर पलीकडं वाळवा तालुक्यात असलेली सून कोल्हापूरच्या सामाजिक न्याय भवनात तीन हेलपाटे घालते आणि चौथ्या खेपेला कळतं की अर्ज सांगलीला करायचा होता. नवऱ्याच्या नावाचा दाखला काढून आणणाऱ्याही भेटल्या. तो चालत नाही.

नावाचंही तसंच. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, जीएनएमवर माहेरचं, नोंदणीवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँक खात्यावर तिसरंच, त्यात 'बाई' लावलेलं. महाडीबीटीचा अर्ज या फरकावर अडतो. शिक्षणाचे सगळे कागद एका नावावर असतील तर ते नाव बदलायच्या नादाला लागू नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, गरज पडली तर राजपत्रात नावाची नोंद करा, आणि बँक खातं आधारशी जुळवून घ्या. रजिस्टर लग्न न केलेल्यांनी ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी आधी करून घ्यावी. बौद्ध पद्धतीनं विहारात लागलेल्या लग्नाची नोंदणी होते. ग्रामसेवक टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दिल्लीच्या किंवा नागपूरच्या एम्ससारख्या केंद्राच्या नोकरीचा विचार असेल तर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या, आदेशात तशी दुरुस्ती झाल्यावर. राज्याचा दाखला हातात असलेल्या मुली हे विसरतात.

आता पैसा. प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असलं तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची योजना आहे. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात. व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला यातलं काही लागू होत नाही, आणि अभिमत विद्यापीठाच्या जागेला लागू होईल असं गृहीत धरू नका. शुल्क भरण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी विचारा: ही जागा शिष्यवृत्तीला पात्र आहे का? तोंडी "होईल की मॅडम, काळजी नको" याला काही अर्थ नाही. पहिल्या वर्षाची फी भरून दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलेली मुलगी आम्हाला माहीत आहे. आईचे डोरल्याचे मणी त्यात गेले.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहणं, जेवण आणि इतर खर्चासाठी रक्कम थेट खात्यात येते. ती ठिकाणाप्रमाणं बदलते, मुंबई-पुण्यासारख्या शहरात जास्त, लहान गावी कमी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडून शैक्षणिक कर्जही मिळतं. पण खरी अडचण फीची नाहीच. पोस्ट बेसिक पूर्णवेळ असतं. दोन वर्षं पगार बंद. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून शिष्यवृत्ती घेता येत नाही. त्या दोन वर्षांत घर कोण चालवणार, पोरांना कोण बघणार, हा प्रश्न कुठल्याही योजनेत सुटलेला नाही.

आमचं म्हणणं असं की हा प्रश्न घरानं बसून सोडवायचा असतो. पोरगा पुण्याला कोर्स करतो म्हणाला की जमीन गहाण पडते. सुनेनं दोन वर्षं शिकते म्हटलं की "नोकरी हाय की, आता कशाला?" असं उत्तर येतं. ज्या घरात सासूनं पोरं सांभाळली आणि नवऱ्यानं दोन वर्षं एकट्याच्या पगारावर ओढली, त्या घरातल्या बायका आज ट्यूटर आहेत. सरकारी सेवेत कायम असलेल्यांनी मात्र राजीनाम्याचा विचारही करू नये. विभागामार्फत उच्च शिक्षणाला जाण्याची सोय असते, त्याचं परिपत्रक निघतं. आस्थापनेच्या बाबूला दर महिन्याला विचारत राहा, कारण ते परिपत्रक आपणहून तुमच्या टेबलावर येणार नाही.

पदवीनं मिळतं काय, हेही सरळ बोलू. पदवी हातात पडली म्हणून दुसऱ्या महिन्यात पगार वाढत नाही. खाजगीत तर नाहीच. बाकी दारं मात्र उघडतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला पदवीवालीला अनुभवाची अट नाही. जीएनएमवालीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला. वीस खाटांच्या दवाखान्यात दहा वर्षं घालवली तरी तो अनुभव तिथं शून्य. शिवाय त्या परीक्षेला वयोमर्यादा आहे, अनुसूचित जातीला पाच वर्षांची सूट धरूनही ३५ ला दार बंद. नर्सिंग शाळेत शिकवायचं तर पदवी हवीच. आणि तिथून पुढं एमएस्सी नर्सिंग, दोन वर्षं, पदवीला ५५ टक्के (अनुसूचित जातीला ५० टक्के) आणि एक वर्षाचा अनुभव. पोस्ट बेसिकवालीचा हा अनुभव पदवीच्या आधीचा असला तरी चालतो, म्हणून तुमची जुनी नोकरी वाया जात नाही. वैद्यकीय-शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशा शाखा आहेत. अतिदक्षता विभागात रमणाऱ्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हाही दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

त्यासाठी अनुभवाचं पत्र लागतं, आणि खाजगीतली सगळ्यात मोठी लबाडी इथंच चालते. आमच्यातल्या एकीनं एका खाजगी रुग्णालयात सहा वर्षं काढली. सोडताना पत्रावर दोनच वर्षं लिहून मिळाली, कारण आधीची चार वर्षं तिचा पगार रोख देत होते आणि हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. दुसरीकडं मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतली होती, ती काढायला पोलिसांत अर्ज द्यावा लागला. नेमणूकपत्र मागा. पगार खात्यात घ्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पगाराचंही माहीत असू द्या: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांहून कमी पगार नसावा अशी शिफारस केली. ती किती ठिकाणी पाळली जाते हे वाचणाऱ्या भगिनींना आमच्याहून चांगलं माहीत आहे.

दोन अफवांबद्दल. 'जीएनएम बंद होणार, तुमचं प्रमाणपत्र रद्दी होणार' असं सांगून पदवीच्या जागा विकणारे एजंट फिरतात. जीएनएम बंद करायचा विचार झाला होता, पण तो पुढं ढकलला गेला. आणि अभ्यासक्रम उद्या बंद झाला तरी नोंदणी झालेली नर्स नर्सच राहते. २०२३ साली नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्याचं नाव घेऊनही भीती घालतात.

दुसरी अफवा जास्त वाईट. 'घरी बसून पोस्ट बेसिक, फक्त परीक्षेला यायचं.' वॉर्डात उभं न राहता नर्सिंगची पदवी मिळत नाही. अशी गुणपत्रिका घेऊन परिषदेत गेलात तर पैसे, दोन वर्षं आणि अब्रू तिन्ही जातात. सहा महिन्यांच्या 'नर्सिंग' कोर्सचंही तेच. बेडसाइड असिस्टंटचं काम चांगलं आहे, पण त्यातून नर्सची नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही तर पदवी नाही. महाविद्यालयाचं नाव विद्यापीठाच्या संलग्न यादीत आणि परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत, दोन्हीकडं, त्या वर्षासाठी आहे का हे मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतं. वस्तीतल्या कॉलेजच्या पोराला सांगा, तो काढून देईल.

पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा विचार असेल तर क्रम असा धरा: नोंदणीची मुदत आज बघा, संपली असेल तर या महिन्यात नूतनीकरण. पडताळणीचा अर्ज त्याच्याबरोबर, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर काढा, नव्या आर्थिक वर्षाचा. शाळा सोडल्याचा दाखला, बारावी आणि जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मिडवाइफरीचं प्रमाणपत्र यांचे प्रत्येकी पाच झेरॉक्स संच करून एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, आणि ती फाईल पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका.